शंभर एस्कुदोंचं एकच नाणं

नोव्हेंबर 2025 मध्ये जिनिव्हाच्या लिलावात सोन्याचं एक नाणं सुमारे 28 लाख स्विस फ्रँकना विकलं गेलं. 1609 साली स्पेनच्या सेगोव्हिया टांकसाळीत पाडलेलं हे ‘सेंतेन’, म्हणजे एस्कुदो या स्पॅनिश सोन्याच्या नाण्याच्या शंभरपट. वजन सुमारे 339 ग्रॅम, म्हणजे आपल्या जुन्या हिशेबाने जवळजवळ 29 तोळे. रुंदी सात सेंटिमीटरच्या वर. एवढं नाणं बाजारात मोडणार कोण? ते मुळात राजाने भेट देण्यासाठी, आपला दिमाख दाखवण्यासाठी होतं.

एस्कुदोचा जन्म मात्र खर्चाच्या गरजेतून झाला. 1497 पासून चालणारं ‘एक्सेलेंते’ हे स्पेनमधलं आधीचं सोन्याचं नाणं 23¾ कॅरेटचं, इतकं शुद्ध की ते देशाबाहेर वाहून जाई. 1535 मध्ये उत्तर आफ्रिकेतल्या ट्युनिसच्या मोहिमेसाठी स्पेनचा राजा, सम्राट चार्ल्सने बार्सिलोनात 22 कॅरेटचा एस्कुदो पाडून घेतला. दोन वर्षांनी तो स्पेनच्या कॅस्टिल राज्यातही आला. सोन्याचा कस उतरला, पण नाणं टिकलं.

सेगोव्हियाचं वेगळेपण तिथल्या यंत्रांत होतं. चार्ल्सचा मुलगा राजा दुसऱ्या फिलिपने 1583 मध्ये एरेस्मा नदीकाठी ही टांकसाळ उभारायला घेतली. यंत्रं आणि कारागीर ऑस्ट्रियातल्या टिरोलमधल्या हॉल गावाहून आणले. पाणचक्कीवर फिरणाऱ्या दोन रुळांवरच ठसे कोरलेले असत. सोन्याची पट्टी त्यांच्यामधून गेली की दोन्ही बाजू एकदमच उमटत, मग नाणी कापून काढत. म्हणून सेंतेनवरची ढाल, क्रूस आणि सेगोव्हियाची खूण असलेला रोमन जलसेतू इतके रेखीव दिसतात. घणाने एवढ्या मोठ्या नाण्यावर हे साधणं फार अवघड होतं.

मला सगळ्यात बोलकी वाटते ती तारीख. 1607 मध्येच त्यानंतरच्या राजाच्या, तिसऱ्या फिलिपच्या खजिन्याने सावकारांची देणी थांबवली होती. 1609 मध्ये नेदरलँड्सशी बारा वर्षांचा तह करावा लागला आणि त्याच वर्षी एस्कुदोचा भाव 400 वरून 440 मारावेदी (हिशेबाचं छोटं एकक) करण्यात आला. पोर्तुगालचा मुकुटही तेव्हा याच फिलिपकडे होता, म्हणजे गोव्याचा राजाही तोच. राज्य एवढं अफाट, आणि तिजोरी रिकामी.

अशी नाणी आज मोजकीच उरली आहेत. रोजचा व्यवहार चालला तो घणाने ठोकलेल्या, कडा वेड्यावाकड्या कापलेल्या नाण्यांवर; मेक्सिकोच्या टांकसाळीत तर 1732 पर्यंत तीच पद्धत होती.