पदवीधर मतदारसंघ: नोंदणी कुठे अडते, मत कशाने बाद होते आणि बरोबरी कशी सुटते

महाराष्ट्र विधान परिषदेच्या ७८ जागांपैकी ७ जागा पदवीधर मतदारसंघांच्या आहेत, म्हणजे त्यांवरचे आमदार फक्त नोंदणी केलेले पदवीधर निवडतात. पदवी असूनही त्यांच्या मतदानापासून अनेक जण दर वेळी वंचित राहतात, कारण विधानसभेच्या यादीत नाव आहे म्हणजे याही यादीत असणार, असे ते गृहीत धरतात. ही यादी स्वतंत्र असते आणि प्रत्येक निवडणुकीआधी ती नव्याने तयार केली जाते. त्यामुळे सहा वर्षांपूर्वी याच मतदारसंघात मत दिलेल्यालाही नावनोंदणीचा अर्ज, म्हणजे नमुना १८, पुन्हा भरावा लागतो.

अर्जदार भारतीय नागरिक आणि मतदारसंघाचा सर्वसाधारण रहिवासी असावा. विद्यापीठ कुठले होते याचा मतदारसंघाशी संबंध नाही. पदवी मिळून तीन वर्षे झालेली असावीत, आणि ही तीन वर्षे अर्जाच्या तारखेपासून नव्हे, तर यादी तयार होते त्या वर्षीच्या १ नोव्हेंबर या अर्हता दिनांकापासून मागे मोजली जातात. पहिल्या टप्प्याची मुदत हुकली, तरी प्रारूप यादीनंतरच्या दावे व हरकतींच्या काळात अर्ज करता येतो, हे खिडकीवर कुणी आपणहून सांगेलच असे नाही.

खरी अडचण पदवी प्रमाणपत्राची आहे. दीक्षान्त समारंभाला न गेलेल्यांनी ते विद्यापीठातून कधी आणलेलेच नसते, आणि शेवटच्या आठवड्यात ते मिळत नाही. अशा वेळी अंतिम वर्षाची साक्षांकित गुणपत्रिका चालते. वकील, डॉक्टर किंवा सनदी लेखापाल यांना आपापल्या व्यवसायाच्या अधिकृत नोंदवहीतील नोंदीचाही आधार घेता येतो. लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रियांनी विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्राची प्रत सोबत लावावी, अन्यथा पदवीवरील नाव आणि अर्जावरील नाव जुळत नाही म्हणून अर्ज परत येतो. कार्यकर्त्याकडे गठ्ठ्याने अर्ज देऊ नयेत. एकगठ्ठा अर्ज स्वीकारले जात नाहीत.

मतदान कागदी मतपत्रिकेवर आणि पसंतीक्रमाने होते. केंद्रावर दिलेल्या जांभळ्या स्केच पेनानेच आपल्या पहिल्या पसंतीच्या उमेदवारासमोर १ हा आकडा लिहावा. २, ३ आणि पुढचे आकडे ऐच्छिक आहेत. बरोबरची खूण, फुली, अक्षरी ‘एक’, सही किंवा अंगठा यांपैकी काहीही केले तर मत बाद होते, आणि दोघांसमोर १ लिहिले तरी तेच. पदवीधरांच्याच निवडणुकीत असे व्हावे, हे खेदाचे आहे. २०२३ मध्ये अमरावतीत हजारो मते अवैध ठरली आणि मोजणी दुसऱ्या दिवसापर्यंत चालली.

मोजणीत वैध मतांना दोनने भागून, अपूर्णांक सोडून, एक मिळवतात. तो विजयाचा कोटा. ४०,००० वैध मते असतील तर कोटा २०,००१. पहिल्या पसंतीत कुणी तिथे पोचले नाही, तर सर्वांत कमी मतांचा उमेदवार बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीप्रमाणे उरलेल्यांना पूर्ण मूल्याने मिळतात. कुणी कोटा गाठेपर्यंत किंवा एकच उमेदवार उरेपर्यंत फेऱ्या चालतात. ज्या पत्रिकेवर पुढची पसंतीच नाही, ती तिथेच संपते. अशा पत्रिका पुष्कळ निघाल्या, की शेवटच्या दोघांपैकी कुणालाच कोटा गाठता येत नाही आणि एक बाद झाल्यावर उरलेला कोट्याविनाच निवडून येतो. त्यामुळे केवळ १ लिहिणाऱ्याचे मत वैध असले, तरी निर्णायक फेरीत ते नसण्याची शक्यता असते.

तळाशी दोघांची मते समान झाली, तर लगेच चिठ्ठी टाकत नाहीत. आधी दोघांची पहिल्या पसंतीची मूळ मते पाहतात, आणि ती ज्याची कमी तो बाद होतो. तीही समान असतील तरच निवडणूक निर्णय अधिकारी चिठ्ठी काढतात. लोकसभेच्या निवडणुकीत अशी चिठ्ठी जिंकणाऱ्याला एक जादा मत देते. इथे मात्र चिठ्ठीने ठरते ते बाद कोण होणार एवढेच, आणि बाद झालेल्याच्या पत्रिकांची पुढची पसंती त्यानंतर मोजली जाते.