विदर्भाची रुई वाहणारी शिडाची जहाजे आणि त्यांची छायाचित्रे

विदर्भाला समुद्र नाही. तरीही खामगाव किंवा हिंगणघाटच्या बाजारातील रुईचा भाव एकेकाळी इंग्लंडमधील लिव्हरपूल बंदराच्या मागणीवर हलत असे. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस अडला आणि इंग्लंडमधील लँकेशायरच्या कापडगिरण्या हिंदुस्थानकडे वळल्या, तेव्हा येथील रुई बंड्यांनी आणि रेल्वे जिथवर आली होती तेथून पुढे रेल्वेने मुंबईला पोहोचू लागली. नागपूरला रेल्वे 1867 मध्ये आली, खामगावची शाखा 1870 मध्ये. मुंबईहून गाठी निघत त्या मुख्यतः शिडाच्या जहाजांनी, आफ्रिकेला वळसा घालून. एवढ्या लांबच्या वाटेवर तेव्हाच्या आगबोटीला इतका कोळसा लागे की मालाला जागा उरत नसे.

छायाचित्रणाची कला 1839 पासून जगाला ठाऊक झाली होती. 1851 मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी ओल्या काचेची पद्धत मांडली, पण तीत काचेवर रसायन चढवून ती ओली असेपर्यंतच चित्र घ्यावे आणि धुवावे लागे. जवळ अंधारा तंबू हवा, आणि समोरचा विषय काही सेकंद स्थिर हवा. लाटेवर डुलणारे जहाज या अटीत बसणे कठीण होते. म्हणून त्या काळच्या बहुतेक चित्रांत जहाज नांगरलेले किंवा गोदीत बांधलेले, शिडे गुंडाळलेली, असे दिसते. बंदरातच शिडे सोडलेली दिसली, तर ती बहुधा वाळत घातलेली असतात. आकाशावरही फार विसंबू नये, कारण त्या काचांवर आकाश कोरे पांढरे उमटे, आणि गुस्ताव्ह ल ग्रे यांच्यासारखे छायाचित्रकार ढग दुसऱ्या काचेवरून छापून जोडत.

आधीच रसायन चढवून वाळवलेल्या कोरड्या काचा 1870 च्या दशकाच्या अखेरीस बाजारात रुळल्या आणि क्षणार्धात चित्र घेता येऊ लागले. तोवर शिडांचा काळ उताराला लागला होता. 17 नोव्हेंबर 1869 रोजी सुएझ कालवा खुला झाला. तांबड्या समुद्रातील प्रतिकूल वारे आणि कालव्यातून ओढून नेण्याचा खर्च शिडाच्या जहाजाला परवडणारा नव्हता, त्यामुळे ती वाट आगबोटींची झाली. कालवा खुला झाल्यानंतर पाचच दिवसांनी स्कॉटलंडमध्ये ‘कटी सार्क’ हे शिडाचे जहाज पाण्यात उतरले. ते चहा वाहण्यासाठी बांधले होते, पण नाव काढले ते ऑस्ट्रेलियाच्या लोकरीवर. 1885 ते 1895 या काळातील त्याचे कप्तान रिचर्ड वुडगेट हौशी छायाचित्रकार होते. त्यांनी होडीत उतरून, भर समुद्रात शिडे फुगलेल्या आपल्याच जहाजाची चित्रे घेतली. त्या काळात अशी चित्रे दुर्मीळच होती.

तोपर्यंत विदर्भाच्या गाठी आगबोटींत चढू लागल्या होत्या. त्यामुळे आपली रुई पोटात घेऊन भर वाऱ्यात निघालेल्या जहाजाचे छायाचित्र हाती लागण्याची शक्यता फार थोडी आहे. शोध घ्यायचाच असेल, तर 1860 च्या दशकातील मुंबई बंदराच्या, डोलकाठ्यांच्या गर्दीच्या चित्रांत घ्यावा.