झेरॉक्सवरचं अक्षर लाकडावर कसं जातं?

मावशीच्या नव्या घराच्या दारावर लाकडी पाटी लावायची होती, आणि पाटीवर अक्षर हवं होतं ते आजोबांचं. त्यांच्या जुन्या पत्रांत आडनाव सापडलं. ते वळण रंगाऱ्याच्या हातून येणं कठीण. म्हणून पत्राचा फोटो काढून आडनाव मोठं केलं, आरशात दिसतं तसं उलटं केलं आणि दुकानातून त्याची लेझर प्रिंट आणली. पाईनच्या फळीवर ती पालथी घातली आणि वरून कोरडी, कडकडीत तापलेली इस्त्री दाबून धरली. मिनिटाभराने कोपरा उचलला. अक्षर लाकडावर आलं होतं, वेलांटीच्या शेपटासकट. फक्त मधूनमधून, ठरावीक अंतरावर, ते तुटलं होतं.

आधी ते आलं कसं, ते पाहू. लेझर प्रिंटरमध्ये आणि झेरॉक्स मशिनमध्ये ओली शाई नसते. टोनर म्हणजे प्लास्टिकची बारीक भुकटी, काळेपणासाठी तिच्यात कार्बन मिसळलेला. एकेक कण साधारण ५ ते १० मायक्रॉनचा, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी लहान. स्थिर विजेच्या ओढीने ही भुकटी कागदावर बसते, मग तापलेल्या रुळांमधून जाताना वितळून कागदाला चिकटते. मशिनमधून नुकती निघालेली झेरॉक्स हाताला गरम लागते, ती यामुळेच. एकदा वितळलेलं हे प्लास्टिक पुन्हा तापवलं की पुन्हा मऊ होतं आणि दाबलं तर समोर जे असेल त्याला चिकटतं. सुती कपड्यांच्या खुणेवर इस्त्री २०० अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. टोनर मऊ पडायला त्याहून बरीच कमी उष्णता पुरते.

या तंत्राचा जन्मच मुळात असा, एका पृष्ठभागावरून दुसऱ्यावर चित्र उचलण्यातून झाला. २२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्कच्या अ‍ॅस्टोरिया भागात झेरॉक्सचा शोध लावणाऱ्या चेस्टर कार्लसनने गंधकाचा थर दिलेली जस्ताची पट्टी रुमालाने घासून विद्युतभारित केली. काचेवर लिहिलेली तारीख आणि ‘अ‍ॅस्टोरिया’ हा शब्द त्या पट्टीवर ठेवून वरून दिव्याचा उजेड पाडला. उजेड लागला तिथला भार निघून गेला, अक्षरांखालचा राहिला. पट्टीवर लायकोपोडियम नावाच्या वनस्पतीचे भुकटीसारखे बीजाणू टाकले आणि फुंकर मारली. अक्षरांवरची भुकटी तेवढी टिकली. मग ती त्याने मेणकागदावर उचलली आणि कागद तापवून पक्की केली. झेरॉक्सच्या दुकानात आज जे होतं, ते सगळं त्या एका प्रयोगात आहे. आपण इस्त्री घेऊन त्याची शेवटची पायरी पुन्हा करतो, एवढंच.

आता ते तुटलेलं अक्षर. पाईनच्या फळीवर फिकट आणि गडद पट्टे दिसतात. झाड जोमाने वाढतं त्या दिवसांतलं लाकूड फिकट आणि मऊ, वाढ मंदावते तेव्हाचं गडद आणि कठीण. पॉलिश पेपर नुसता बोटांनी दाबून घासला की मऊ पट्टा जास्त झिजतो आणि फळीवर डोळ्यांना न दिसणाऱ्या लाटा तयार होतात. इस्त्रीचा सपाट तळ गडद उंचवट्यांवर टेकतो, खळग्यांत टोनर पोचतच नाही. माझं अक्षर नेमकं फिकट पट्ट्यांवर तुटलं होतं. उपाय साधा: पॉलिश पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळून घासायचा, म्हणजे उंचवटे आधी जातात.

इंकजेटची प्रिंट मात्र या कामाला चालत नाही. तिची शाई पाण्यात कालवलेली असते आणि कागदाच्या आत मुरते, मग इस्त्रीने मऊ होऊन सुटून येण्यासारखं वर काही उरत नाही. स्टिकरच्या मागच्या गुळगुळीत कागदावर छापली तर शाई न मुरता वर राहते आणि लाकडावर टिपता येते. पण लाकूड म्हणजे उभ्या, अतिबारीक नळ्यांची जुडी. पातळ शाई नळ्यांच्या दिशेने पळते आणि अक्षराच्या कडेला मिशा फुटतात. थिनर किंवा अ‍ॅसिटोन लावून टोनर मऊ करणारेही आहेत. ते करायचं तर उघड्या हवेत, आणि तिथे इस्त्री किंवा ज्योत अजिबात नको, वाफ पेट घेते.

दुसऱ्या खेपेला मी पद्धत बदलली. फळी ठोकळ्याने सपाट केली, चित्रकलेच्या सामानाच्या दुकानात मिळणारं अ‍ॅक्रिलिक मीडियम तिच्यावर पसरलं, प्रिंट पालथी चिकटवली आणि रात्रभर वाळू दिली. सकाळी कागद ओला करून बोटाने चोळला. कागद म्हणजे एकमेकांना धरून बसलेले सेल्युलोजचे तंतू. पाणी मध्ये शिरलं की ती धर सुटते आणि कागदाच्या शेवया वळून निघतात. टोनर आणि वाळलेलं अ‍ॅक्रिलिक पाण्याला दाद देत नाहीत. सुतारकामाचा साधा पांढरा गोंद इथे दगा देतो, कारण भिजला की तोही मऊ पडतो आणि कागदाबरोबर अक्षरही घेऊन जातो.

ओलं असताना अक्षर काळंभोर दिसत होतं. वाळल्यावर त्यावर पांढरट धुकं आलं. उरलेल्या तंतूंमध्ये पाण्याच्या जागी हवा शिरली होती. तंतू आणि हवा यांच्या सीमेवर प्रकाश विखुरतो, म्हणून पांढरं दिसतं. वडा गुंडाळलेल्या कागदावर तेल उतरलं की तो डाग आरपार दिसू लागतो, त्यामागेही हेच आहे. सेल्युलोजचा अपवर्तनांक (प्रकाश त्यात शिरताना किती वळतो, ते सांगणारा आकडा) १.५ च्या आसपास, तेलाचा त्याच्या अगदी जवळ, त्यामुळे प्रकाशाला विखुरायला सीमाच राहत नाही.

म्हणून शेवटी फडक्यावर थोडं जवसाचं तेल घेतलं. ते हवेतल्या ऑक्सिजनने हळूहळू घट्ट होतं आणि तसंच टिकतं. (त्या क्रियेत उष्णता निघते. फडक्याचा बोळा करून टाकला तर तो आपोआप पेटू शकतो, तेव्हा फडकं पसरून वाळवायचं.) पहिला हात फिरला तशी वेलांटीवरची पांढुरकी साय गेली, मग कान्यावरची. मावशी शेजारी उभी होती. तिने फडकं माझ्या हातातून घेतलं आणि उरलेली अक्षरं स्वतः पुसली.