पार्श्वभूमी : जपानी दूरचित्रवाणीवरचे दुभाषी

दुभाषी आणि निवेदक ही दोन कामे जपानी दूरचित्रवाणीवर एकाच माणसाकडे कशी आली, हे कळायला १९८० च्या दशकाचा उत्तरार्ध पाहावा लागतो. त्याआधीचे थोडक्यात सांगता येते. न्यूरेंबर्गच्या खटल्यात (१९४५-४६) चार भाषांतले तत्काळ भाषांतर हेडफोनवरून ऐकवले गेले आणि ही पद्धत पुढे आंतरराष्ट्रीय परिषदांत रुळली. जपानी प्रेक्षकांना ती भेटली २१ जुलै १९६९ रोजी. चंद्रावर पहिले पाऊल पडले तेव्हा टोकियोत दुपारचे बारा वाजायला चार मिनिटे होती. अंतराळवीरांचे खरखरते इंग्रजी जपानीत सांगणारे दुभाषी त्या काळात पडद्यावरही दिसले.

तरी तो प्रसंगापुरता मामला होता. १९८७ मध्ये सार्वजनिक प्रसारण संस्थेने उपग्रहावरून चोवीस तास प्रसारण सुरू केले, परदेशी बातमीपत्रे रोज दाखवली जाऊ लागली आणि दुभाषांना नियमित पाळ्या मिळाल्या. जानेवारी १९९१ मध्ये आखाती युद्ध पेटल्यावर तर दिवसरात्र माणसे लागली.

वाद झाला तो पद्धतीवरून. थेट प्रसारणात कानावर पडेल ते तत्क्षणी बोलायचे. बातमीपत्र थोडे उशिरा दाखवायचे असेल, तर मात्र दुभाषी ध्वनिमुद्रण आधी ऐकतो, संदर्भ तपासतो, जपानी मजकूर लिहून काढतो आणि चित्राशी वेळ जुळवत वाचतो. परिषदांत मुरलेल्या काहींना हे भाषांतर वाटेना. लिहिलेले वाचण्यात कसले आले कौशल्य, असा त्यांचा सूर. हा आक्षेप उथळ आहे. परिषदेतल्या श्रोत्याला विषय ठाऊक असतो आणि अडखळते वाक्यही तो समजून घेतो. घरचा प्रेक्षक वाहिनी बदलतो.

शिवाय भाषेची अडचण आहेच. जपानीत मराठीसारखेच क्रियापद आणि नकार शेवटी येतात. इंग्रजी वाक्यातला 'नाही' सुरुवातीलाच ऐकू येतो, तो वाक्य संपेपर्यंत मनात धरून ठेवावा लागतो. जपानी बातमीवाचनाचा वेग मिनिटाला साधारण ३०० अक्षरे मानतात. वेगाने बोलणाऱ्या इंग्रजी वार्ताहराचे सगळे त्यात मावत नाही. काय गाळायचे हे घाईत ठरवण्यापेक्षा विचार करून ठरवणे केव्हाही बरे. प्रतिष्ठा मात्र थेट भाषांतरालाच मिळाली, आणि तयारीची पद्धत, जिच्यावर रोजची बातमीपत्रे चालत, मागे राहिली.

दुभाषी निवेदक बनले ते याच पद्धतीमुळे. लिखित मजकूर हाती आल्यावर उच्चार, श्वास, विराम यांना सबब उरली नाही. सुरुवातीला प्रेक्षकांना चाचरणे खटकत असे. पुढे आवाजाचे प्रशिक्षण या कामाचा भाग झाले. ज्यांचा आवाज तयार झाला, त्यांच्यातल्या काहींकडे माहितीपटांचे निवेदनही आले.

तयारीला वेळ नसण्याचे प्रसंग अर्थात संपले नाहीत. ११ सप्टेंबर २००१ रोजी दुसरे विमान मनोऱ्यावर आदळले तेव्हा जपानमध्ये रात्रीचे दहा वाजून गेले होते. त्या रात्री कोणाच्याच हातात मजकूर नव्हता. अलीकडचा प्रश्न वेगळा आहे : २०१८ पासून त्याच सार्वजनिक संस्थेच्या बातम्यांत संगणकाने घडवलेला आवाजही वाचन करू लागला. यंत्राने आधी उचलले ते वाचन, म्हणजे जुन्या टीकाकारांनी ज्याला कौशल्य मानले नव्हते नेमके तेच. आता लिहिलेला मजकूर नीट वाचणाऱ्या ज्येष्ठांची किंमत काहींना नव्याने कळू लागली आहे.