जुन्या गाडीचं इंजिन बदलताय? आधी आरसी बाहेर काढा

प्रीमियर पद्मिनीचं, म्हणजे जुन्या फियाटचं, इंजिन निकामी झालं की मेकॅनिक हमखास विचारतो, "साहेब, मारुतीचं टाकू?" बसतंही ते. अडकतं आरटीओत.

मोटार वाहन कायदा, 1988 चं कलम 52 सांगतं की निर्मात्याने ठरवलेले मूळ तपशील आणि आरसीवरचे तपशील यांत फरक पडेल असा बदल मालकाने करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019 मध्ये हेच बजावलं. आरसीवर इंजिन नंबर असतो, तसं इंधन आणि सीसीही असतात. 1089 सीसीच्या पद्मिनीत दुसऱ्या पद्मिनीचं तेच पेट्रोल इंजिन आलं, तर बदलतो तो फक्त नंबर. असा अर्ज समजावून सांगता येतो. 118 एनई ही गाडीही प्रीमियरचीच, म्हणून तिचं इंजिन चालेल असं मात्र धरू नका. ते निसानचं, 1171 सीसीचं आहे. सीएनजी किंवा बॅटरीच्या मान्यताप्राप्त किटचा रस्ता वेगळा, तो इथे घेत नाही.

गाडी पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षांहून जुनी असेल तर जरा थांबा. 2021 च्या नियमांनुसार तिला व्हिंटेज नोंदणी मिळू शकते: नंबरात 'व्हीए', नव्या नोंदणीचं शुल्क 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं. पण चेसिस, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार झालेला चालत नाही. माझ्या मते अशा फियाटचं मूळ इंजिन बोअर करून (सिलिंडर आतून घासून) घेणंच शहाणपणाचं, खर्च थोडा जास्त आला तरी.

अर्ज गाडीची नोंद असलेल्या आरटीओकडे करायचा. मुंबईत एमएच मालिकेत ताडदेव 01, अंधेरी 02, वडाळा 03, बोरिवली 47. परिवहन पोर्टलवर वाहनातील बदलाची सेवा आहे. जुना तीन अक्षरी नंबर तिथे सापडला नाही, तर आधी कार्यालयातून बॅकलॉग एंट्री (जुन्या नोंदीची संगणकावर भरणी) करून घ्यावी लागते. परवानगी हातात येईपर्यंत गॅरेजवाल्याला पाना लावू देऊ नका. इंजिन बसवल्यावर 14 दिवसांत आरसीसह कळवा, मग गाडी तपासणीला न्या. परस्पर केलेल्या बदलाला कलम 182ए खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही.

मूळ आरसी, चालू विमा, पीयूसी, पत्त्याचा पुरावा, कर्ज असेल तर बँकेची एनओसी, हे घरात असतंच. खरी मेख इंजिनच्या बिलात. बिलावर इंजिन नंबर पूर्ण हवा, आणि ते ज्या गाडीतून निघालं तिच्या आरसीची प्रत. नंबर चोरीच्या गाडीचा नाही ना, हेही आधी तपासा.

मी कुर्ल्यातून इंजिन आणलं तेव्हा नंबराच्या पट्टीवर ताजा काळा रंग होता. रॉकेलच्या बोळ्याने पुसला, तर बिलावरचा 8 ब्लॉकवर 3 निघाला. दुकानदार म्हणे, "एका आकड्याने काय होतंय?" दुरुस्त बिलासाठी तीन खेपा झाल्या. आता पैसे मोजण्याआधी मी नंबरावर कागद ठेवून पेन्सिल फिरवतो आणि तो छाप बिलाशी जुळवतो.

नव्या नंबरची आरसी मिळाली की विमा पॉलिसीवरही तोच नंबर चढवून घ्या. क्लेमच्या वेळी सर्व्हेअर आधी बॉनेटच उघडतो.