मानेचं जुनं दुखणं: पहिल्या भेटीत आम्ही इतकं का बोलतो

आमच्याकडे फिजिओथेरपीला येणारे बरेच जण आल्या आल्या विचारतात, "मशीन कधी लावणार?" शेक, मशीन यांनी तात्पुरता आराम पडतो आणि गरज असेल तिथे आम्ही ती वापरतोही. पण तीन महिन्यांहून अधिक काळ मान दुखत असेल, तर पहिल्या भेटीतला बराच वेळ आम्ही तुमच्याशी बोलण्यात घालवतो. ते बोलणं उपचाराचाच भाग आहे.

इतक्या महिन्यांनंतर सुरुवातीची लचक किंवा सूज बहुधा बरी झालेली असते. तरीही दुखतं, कारण मज्जासंस्था हळवी झालेली असते. घरात एकदा चोर शिरून गेला की कुत्रा पोस्टमनवरही भुंकू लागतो, तसंच हे. दुखणं खरंच असतं, मनाचे खेळ नसतात. पण दुखलं म्हणजे दर वेळी आत काही मोडतंय असं नाही. झोप अपुरी असेल, डोक्यावर ताण असेल, तर तीच मान जास्त दुखते.

रिपोर्टबद्दलही थोडं. "मणक्यात गॅप", "डिस्क बल्ज" (मणक्यांमधली गादी बाहेर फुगणं) हे शब्द वाचून माणूस घाबरतो, मान वळवायचं सोडतो, स्कूटरवरून मागे बघायला अख्खं अंग वळवतो. चाळिशी-पन्नाशीत मानेचं कधीच दुखणं नसलेल्यांच्या एमआरआयमध्येही असे बदल सर्रास दिसतात. रिपोर्ट जरूर आणा, आपण तुमच्या लक्षणांशी ताडून बघू. डॉक्टरांनी सांगितलं नसेल तर स्वतःहून मानेचा पट्टा मात्र घालू नका. तो फार दिवस घातला की स्नायू दुबळे होतात.

नुसत्या माहितीनेही मान बरी होत नाही, व्यायाम हवाच. मानेचे आतले स्नायू आणि खांद्याच्या पात्यांभोवतालचे स्नायू यांना हळूहळू बळ द्यायचं असतं, आणि फरक जाणवायला साधारण 6 ते 12 आठवडे लागतात. व्यायामानंतर थोडं ठणकलं आणि दुसऱ्या सकाळपर्यंत ओसरलं, तर चालतं. ओसरलं नाही तर व्यायाम कमी करा, बंद करू नका.

कामं सोडायला आम्ही सांगत नाही. चतुर्थीला माटोळी (गणपतीच्या डोक्यावर टांगलेली फळा-पानांची चौकट) बांधताना मान वर करून तासभर उभं राहण्यापेक्षा मध्ये मध्ये खाली उतरा, फळं बांधायला दुसऱ्याला द्या. विळीवर नारळ खवताना, कॉम्प्युटरवर बसताना अर्ध्या तासाने बसण्याची ढब बदला. अशी एकच "बरोबर" बैठक नसते, एकाच बैठकीत अडकून राहणं त्रासाचं.

केस कापून झाल्यावर कडकन मान मोडून घेण्याची सवय मात्र कृपा करून सोडा. मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांतूनच वर जातात. झटक्याने त्यांना इजा झाली, तर क्वचित लकवाही होऊ शकतो.

हातातली ताकद कमी होणं, बटणं लावताना बोटं अडखळणं, चालताना तोल जाणं, लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, दुखण्यासोबत ताप किंवा विनाकारण वजन घटणं, पडल्यावर किंवा अपघातानंतर मान दुखणं: यातलं काहीही असेल तर आमच्या वेळेची वाट न पाहता आधी डॉक्टरांना दाखवा. अचानक असह्य डोकेदुखी झाली, बोलणं अडखळलं, तोंड वाकडं झालं, तर लगेच 108 ला फोन करा.

पहिल्या भेटीला चालू औषधांची यादी आणा, आणि जमलं तर घरचं एक माणूसही. मनातल्या शंका आधीच कागदावर लिहून आणल्यात, तर बोलायला सोपं जाईल.