बापूंचे विमान : गांधीहत्येनंतरच्या छापील तसबिरी

३० जानेवारी १९४८. संध्याकाळी ५ वाजून १७ मिनिटांनी दिल्लीच्या बिर्ला हाउसमध्ये, प्रार्थनेला निघालेल्या गांधीजींवर नथुराम गोडसेने तीन गोळ्या झाडल्या. दुसऱ्या दिवशीच्या अंत्ययात्रेची छायाचित्रे जगभर पोहोचली, पण खुद्द हत्येच्या क्षणाचे छायाचित्र नाही. ती जागा बाजारातल्या रंगीत तसबिरींनी भरून काढली. त्यांत सोबत चालणाऱ्या मनू आणि आभा या नात्यातल्या मुलींमध्ये कोसळणारे बापू दिसतात, जोडलेले हात, ओठांवर ‘हे राम’ आणि उघड्या छातीवर रक्ताळलेल्या जखमा. त्या उघड्या छातीला निव्वळ चित्रकाराची कल्पना म्हणता येत नाही. पार्थिव दर्शनासाठी ठेवताना वडिलांची छाती झाकू नका, असे देवदास गांधींनीच सांगितले होते.

अशा चित्रांची सवय लोकांना आधीपासून होती. पुण्यात १८७८ साली चित्रशाळा हा छापखाना निघाला, मुंबईत १८९४ साली रविवर्म्यांचा छापखाना सुरू झाला आणि शिळाछापातले (दगडावरून छापलेले) देव सामान्यांच्या भिंतीवर आले. राजकारणही त्याच वाटेने आले. २३ मार्च १९३१ रोजी भगतसिंगांना फाशी दिल्यानंतर, आपले शिर कापून भारतमातेला अर्पण करणारे भगतसिंग छापले गेले. इंग्रज सरकारने अशी चित्रे जप्त केली.

गांधीजींच्या बाबतीत मात्र हा साचा अपुरा पडला. फाशी देणारे सरकार परके होते, गोळी झाडणारा इथलाच. ‘शत्रूने घेतलेला बळी’ असे हे मरण दाखवायचे तरी कसे? मला वाटते, म्हणूनच चित्रकार क्रांतिकारकांकडून संतांकडे वळले. नरोत्तम नारायण शर्मा हे राजस्थानातल्या नाथद्वाऱ्याचे, तिथल्या श्रीनाथजींच्या, म्हणजे कृष्णाच्या, चित्रपरंपरेत वाढलेले चित्रकार. त्यांच्या ‘गांधीजी की स्वर्गयात्रा’ या चित्रात बापू विमानात बसून वर निघाले आहेत. मराठी माणसाला हे विमान ओळखायला क्षणही लागू नये. तुकोबांना न्यायला वैकुंठाहून आले होते तेच हे. खून झालेला माणूस आणि सदेह वैकुंठाला गेलेला संत यांच्यातले अंतर फार मोठे, पण शोकाकुल समाजाला ते ओलांडायचेच होते. मारेकऱ्याच्या हाती शेवट राहू द्यायचा नाही, हा त्या विमानाचा खरा अर्थ, आणि तो मला अतिशय हृद्य वाटतो.

दुसरी तऱ्हा चरित्र सांगणाऱ्या तसबिरींची. ‘बापूजी की अमर कहानी’सारख्या चित्रात मधोमध गांधीजींची मोठी आकृती आणि भोवती आयुष्यातले प्रसंग मांडलेले असतात. देवाभोवती त्याच्या लीला रंगवाव्यात तशीच ही रचना, त्यामुळे हत्या हा त्यातला एक प्रसंग होतो, सगळी गोष्ट होत नाही. काही तसबिरींत बुद्ध आणि येशूही त्यांच्या सोबतीला येतात. त्याच वर्षी १२ फेब्रुवारीला प्रयागच्या संगमावर अस्थी विसर्जित झाल्या. तसबिरी मात्र पुढे कितीतरी वर्षे घराघरांत देवांच्या शेजारी टांगलेल्या राहिल्या.